कमरेला परवान्याचं पिस्तूल आहे आणि पोलिसांनी गाडी थांबवली: नेमकं काय करायचं?

सारथी_टेक्सास

टेक्सासचं लायसन्स टू कॅरी (पिस्तूल बाळगायचा परवाना) आहे, ग्रीन कार्ड आहे. पिस्तूल उजव्या कमरेला, पँटच्या आत बसणाऱ्या होल्स्टरमध्ये. पाकीट उजव्याच मागच्या खिशात. वेगमर्यादा ओलांडली किंवा मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसांनी थांबवलं, तर पिस्तुलाबद्दल आपण होऊन सांगायचं की विचारल्यावरच? नेमके शब्द कोणते? ऑफिसरने पिस्तूल मागितलं तर काढून द्यायचं का? पुढच्या महिन्यात गाडीने लुइझियानामार्गे नॉर्थ कॅरोलायनाला जायचं आहे, तिथे नियम वेगळे आहेत का?

खडकवाट

कायद्याच्या आधी पाकिटाची जागा बदला. ऑफिसर लायसन्स मागणार, तुमचा हात पिस्तुलाच्याच बाजूला मागे जाणार, आणि खिडकीबाहेरून त्याला फक्त मागे सरकणारं कोपर दिसणार. तो हात पाकिटाकडे निघालाय की पिस्तुलाकडे, हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. ड्रायव्हिंग लायसन्स, कॅरी लायसन्स आणि विम्याचं कार्ड एकत्र करून सन व्हायजरच्या क्लिपमध्ये ठेवा. तिथे जाणारा हात वर जातो आणि पूर्ण वेळ दिसतो. ग्लव्ह बॉक्समध्ये कागद आणि पिस्तूल एकत्र कधीही ठेवू नका. कागद काढायला कप्पा उघडला की ऑफिसरला पहिल्यांदा पिस्तूलच दिसतं.

मागे लाल-निळे दिवे दिसले की इंडिकेटर द्या, वेग कमी करा, उजवीकडे रुंद शोल्डर (रस्त्याच्या कडेची पट्टी) किंवा उजेडाची जागा बघून थांबा. गिअर पार्कवर, इंजिन बंद. रात्र असेल तर आतला दिवा लावा. ड्रायव्हरची काच पूर्ण खाली, आणि मागच्या काचा काळ्या असतील तर त्याही. फोन खाली ठेवा. मग दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर, बोटं उघडी. हे सगळं ऑफिसर त्याच्या गाडीतून उतरायच्या आत झालेलं हवं. तो चालत येत असताना कागद शोधायला वाकणं ही सर्रास होणारी चूक. गस्तीच्या गाडीच्या स्पॉटलाइटमध्ये तुमचा खांदा खाली गेलेला दिसतो आणि पोलीस त्याचा अर्थ 'काहीतरी लपवतोय' किंवा 'काहीतरी काढतोय' असाच लावतात.

गाडीतून उतरू नका. भारतात उतरून हवालदाराजवळ जायची सवय असते, इथे ती हालचाल धोक्याची धरली जाते. सीटबेल्टही सोडू नका. त्याचं बक्कल नेमकं उजव्या कमरेपाशी असतं, म्हणजे तुमच्या पिस्तुलाच्या शेजारी. उतरायला सांगितलं तर आधी विचारा: "माय सीटबेल्ट बकल इज नेक्स्ट टू माय फायरआर्म. हाऊ वुड यू लाइक मी टू डू धिस?"

आता शब्द. "आय हॅव अ गन" हे वाक्य टाळा. दुसरा ऑफिसर बऱ्याचदा प्रवाशाच्या बाजूने येतो. वाहतुकीच्या आवाजात त्याच्या कानावर फक्त 'गन' पडतं, आणि तो शब्द पोलीस एकमेकांना धोक्याचा इशारा म्हणून ओरडून वापरतात. त्याऐवजी, हात स्टिअरिंगवरच ठेवून: "ऑफिसर, आय हॅव अ कॅरी लायसन्स अँड आय अ‍ॅम आर्म्ड. इट इज ऑन माय राइट हिप. हाऊ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?" आधी परवाना, मग पिस्तूल, मग जागा, मग प्रश्न. बोलताना त्या जागेकडे बोट दाखवू नका, मानेनेही खूण करू नका. उत्तर स्पष्ट 'येस' किंवा 'नो'. आपली ती मान डोलवायची पद्धत इथे हो की नाही तेच कळू देत नाही.

कलम_बहाद्दर

खडकवाट यांनी हालचालींचं सांगितलं, मी नियमांचं सांगतो. देशभर एकच नियम नाही. आपण होऊन सांगायचं की नाही, हे प्रत्येक राज्य ठरवतं.

टेक्सासमध्ये ऑफिसरने ओळखपत्र मागितलं की परवानाधारकाने ड्रायव्हिंग लायसन्स आणि कॅरी लायसन्स दोन्ही दाखवायचं, पिस्तूल अंगावर किंवा जवळ असेल तर. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, पण तुमच्याकडे परवाना आहे म्हणून दोन्ही कार्डं द्या. ऑफिसरने लायसन्सचा नंबर टाकला की त्याला परवाना तसाही दिसतो, त्यामुळे लपवून काही साधत नाही.

लुइझियानाचा परवान्याचा कायदा कडक आहे. ऑफिसर कामाच्या निमित्ताने जवळ आला की परवानाधारकाने शस्त्र असल्याचं सांगायचं, वरवरची झडती घेऊ द्यायची आणि तात्पुरतं शस्त्र काढून घेऊ द्यायचं. नॉर्थ कॅरोलायनात ऑफिसर जवळ आला किंवा त्याने हाक मारली की परवाना आहे आणि पिस्तूल जवळ आहे, हे दोन्ही सांगायचं. तिथे वाट बघत बसू नका, पहिल्या वाक्यातच सांगा.

मिशिगनमध्ये ताबडतोब सांगावं लागतं, पिस्तूल अंगावर नसून गाडीत असलं तरी. पहिल्या चुकीला ५०० डॉलर दंड आणि परवाना ६ महिने स्थगित. ओहायोत १३ जून २०२२ पर्यंत आपण होऊन सांगणं सक्तीचं होतं, आता विचारल्यावर खरं सांगणं पुरेसं आहे. इलिनॉयमध्येही विचारल्यावर. मेन राज्यात तर गंमत वेगळीच: परवान्याशिवाय बाळगणाऱ्याने लगेच सांगायचं. म्हणूनच ऐकीव माहितीवर राहू नका. निघण्याआधी प्रत्येक राज्याच्या पोलीस किंवा अ‍ॅटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावर दोन गोष्टी तपासा, तुमचा परवाना तिथे चालतो का आणि सांगणं सक्तीचं आहे का. टेक्सासचा परवाना इलिनॉय, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया इथे चालत नाही. अशा राज्यातून नुसतं पार व्हायचं असेल तर १९८६ च्या संघीय कायद्याचा आधार आहे, पण त्यासाठी पिस्तूल रिकामं करून डिकीत ठेवावं लागतं. वेगळी डिकी नसलेल्या गाडीत ते कुलूपबंद पेटीत हवं, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल ही पेटी धरत नाहीत. शिवाय निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी तुम्हाला ते बाळगायची मुभा असली पाहिजे.

सक्ती नसलेल्या राज्यात सांगावं का? माझं मत: उतरायला सांगितलं, झडती होणार असं दिसलं, किंवा कागदांसाठी हात पिस्तुलाजवळ न्यावा लागणार असेल, तर सांगावं. कागद समोर आहेत आणि नुसतं चलन फाडून प्रकरण संपतंय, तर न सांगणं हा तुमचा हक्क आहे.

रानवारा

पिस्तूल मागितलं तर: स्वतः काढू नका. "प्लीज टेल मी एक्झॅक्टली व्हॉट यू वॉन्ट मी टू डू" म्हणा आणि ऑफिसरलाच काढू द्या. बसल्या जागी सीटबेल्टखालून भरलेलं पिस्तूल बाहेर ओढताना बोट किंवा शर्टचा कोपरा ट्रिगरमध्ये अडकू शकतो, आणि नळी त्या क्षणी ऑफिसरकडे वळते. मॅगझिन काढणं, स्लाइड ओढून चेंबर रिकामी करणं हेही करायला जाऊ नका, कितीही सराव असला तरी. ऑफिसरने तुम्हालाच काढायला सांगितलं तर सूचना तुमच्या तोंडून परत म्हणा, त्याचा होकार ऐका, मग हळू हला.

परत देताना बहुतेकदा पिस्तूल रिकामं, मॅगझिन वेगळं आणि चेंबरमधली गोळी सुटी मिळते. तिथेच भरू नका. ऑफिसर निघून गेल्यावर, पुढे सुरक्षित जागी थांबून भरा.

कायद्याने ऑफिसर काय करू शकतो हे माहीत असलं की वाद टळतो. ड्रायव्हरला गाडीतून उतरवणं १९७७ च्या पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स खटल्यापासून वैध आहे, आणि त्या खटल्यात उतरवलेल्या माणसाच्या जॅकेटखालचा फुगवटा म्हणजे पिस्तूलच होतं. प्रवाशांना उतरवणं १९९७ पासून. नॉर्थ कॅरोलायना ज्या चौथ्या सर्किटमध्ये (संघीय अपील न्यायालयाच्या विभागात) येतं, तिथल्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये युनायटेड स्टेट्स विरुद्ध रॉबिन्सनमध्ये म्हटलं की रीतसर थांबवलेल्या माणसाकडे शस्त्र असल्याचा वाजवी संशय पुरतो. ते परवान्याचं असू शकतं म्हणून वरवरची झडती अवैध ठरत नाही. मला हा निकाल परवानाधारकांवर अन्याय करणारा वाटतो, पण रस्त्याच्या कडेला त्यावर भांडून उपयोग नाही.

मात्र पिस्तूल असल्याचं सांगणं म्हणजे गाडी तपासायला परवानगी देणं नव्हे. विचारलं तर शांतपणे "आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च" म्हणा आणि हात हलवू नका. तरी त्याने तपासलं तर अडवू नका. तुमचा नकार बॉडीकॅमवर (ऑफिसरच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात) नोंदला जातो, वकिलाला तेवढंच लागतं.

६ जुलै २०१६ ची मिनेसोटातली घटना प्रत्येक परवानाधारकाने समजून घ्यावी. फिलांडो कॅस्टीलकडे परवाना होता. लायसन्स आणि विमा मागितल्यावर त्याने विम्याचं कार्ड दिलं आणि आपल्याजवळ शस्त्र असल्याचं सभ्यपणे सांगितलं. मिनेसोटात न विचारता सांगणं सक्तीचंही नव्हतं. पुढच्या काही सेकंदांत ऑफिसरने ७ गोळ्या झाडल्या. २०१७ मध्ये तो ऑफिसर निर्दोष सुटला. कॅस्टीलची चूक नव्हती, हे ठामपणे म्हणायला हवं. पण 'लायसन्स दाखव' आणि 'हात नेऊ नकोस' अशा दोन आज्ञा एकमेकींवर आदळल्या की काय होतं, ते त्यातून दिसतं. अशा वेळी दोन्हीपैकी एकही पाळायला जाऊ नका. पूर्ण थांबा आणि मोठ्याने म्हणा: "आय अ‍ॅम नॉट मूव्हिंग. माय हँड्स आर ऑन द व्हील."

सारथी_टेक्सास

फार उपयोगी माहिती, आभार. पाकीट डाव्या खिशात न ठेवता सरळ व्हायजरवरच ठेवेन. अजून एक: प्रवासात एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावरचा मित्र सोबत असेल. त्याला काय सांगून ठेवायचं?

कलम_बहाद्दर

हे आधी विचारलंत ते बरं केलंत, कारण इथे चूक झाली तर मित्र तुमच्यापेक्षा जास्त अडकतो. एच-१बी, एफ-१ (शिक्षण), बी-२ (पर्यटन) अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्याला संघीय कायद्याने पिस्तूल किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'बाळगणं' म्हणजे फक्त हातात असणं नव्हे, ताब्यात येईल अशा जागी जाणूनबुजून ठेवणंही त्यात बसू शकतं. म्हणून पिस्तूल तुमच्या अंगावरच असू द्या. त्याच्या पायाशी असलेल्या बॅगेत, ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा दोघांच्या मधल्या कन्सोलमध्ये नको. गोळ्यांचा डबाही नको. तो गाडी चालवणार असेल आणि तुम्ही झोपणार असाल, तर पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद पेटीत, डिकीत, आणि किल्ली तुमच्या खिशात.

तुमचं ग्रीन कार्डही अभेद्य नाही. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर तेवढ्यावरून देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. किरकोळ वाटणाऱ्या गुन्ह्याची कबुली देण्याआधीही इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

थांबवल्यावर मित्राने हात डॅशबोर्डवर ठेवायचे, फोन काढून शूटिंग सुरू करायचं नाही, मराठीत तुमच्याशी बोलायचं नाही, आणि पिस्तुलाचा उल्लेख तुम्हीच करायचा, त्याने नाही. वाटेत पोस्टात काम निघालं तर पोस्टाच्या आवारात, पार्किंगमध्येसुद्धा, शस्त्र न्यायला मनाई आहे. तेव्हा "जरा धर" म्हणून ते मित्राच्या हातात देऊ नका. गाडी बाहेर रस्त्यावर लावा, पिस्तूल डिकीत कुलूपबंद करा आणि मग आत जा.