माथ्यावर लाटा, मानेवर स्प्रिंगा: एकाच डोक्यावर तीन तऱ्हेचे केस कसे सांभाळायचे?

मनीषनगर_४४

केस खांद्याखाली चार बोटं. मानेजवळ पेन्सिलीवर गुंडाळल्यासारखे घट्ट (३बी), कानांच्या बाजूला सैल वेटोळी (३ए) आणि माथ्यावर, भांगाच्या दोन्ही बाजूंना नुसत्या लाटा, त्याही मुळाशी चपट्या (२बी). आठवड्यातून दोनदा सल्फेट नसलेला शाम्पू, कंडिशनर, मग लीव्ह-इन क्रीम (न धुता केसांतच ठेवायचं), वरून जेल. सगळीकडे सारखंच लावते. परिणाम असा की मागचे कोरडे राहतात आणि पुढचे चिपचिपे होऊन लोंबतात. क्रीम कमी केलं की पुढचे सुधारतात, मागचे फुगतात.

पाणी बोअरचं. रोज दुपारी स्कूटी, डोक्याला स्कार्फ. पार्लरमध्ये सांगितलं की सरळ स्मूदनिंग (केमिकलने केस कायमचे सरळ करणं) करून टाका, सगळे एकसारखे होतील. मला ते नको आहे. माथ्यावरचे केस मुळातच असे आहेत की बिघडलेत, हे कसं ओळखायचं? आणि कुठे किती लावायचं?

कात्री_फणी

ताई, आधी एक केस बघा. माथ्यावरचा गळालेला एक लांब केस घ्या, पाण्यात भिजवा आणि स्टीलच्या ताटात न ओढता ठेवा. मुळाकडचं टोक ओळखायला सोपं आहे, तिथे बारीक पांढरा ठिपका असतो. मुळापासून शेंड्यापर्यंत एकच लाट दिसली तर तो केस जन्मजात तसाच आहे. मुळाकडची ४-५ सेंमी वळलेली आणि पुढे ताठ सुतळीसारखी असेल, तर इस्त्री, रंग, ऊन किंवा घट्ट बांधणं यांनी वळण गेलंय. असे पाच-सहा केस तपासा, एकावरून ठरवू नका. वळण गेलेला भाग कोणत्याही क्रीमने परत येत नाही, तो कापत कापतच जातो. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंमी वाढतात, त्यावरून किती दिवस लागतील ते मोजा.

तीन तऱ्हेचे केस असण्यात बिघाड काही नाही. केसाचा आकार त्याच्या मुळाच्या पिशवीवर ठरतो आणि प्रत्येक पिशवीचा बाक वेगळा. २बी, ३ए ही आंद्रे वॉकर या अमेरिकन केशतज्ज्ञाची १९९०च्या दशकातली वर्गवारी. बोलायला सोयीची आहे, पण खरेदी तिच्यावर करू नका. केसाची जाडी आणि तो पाणी किती पटकन ओढतो, हे जास्त कामाचं. कोरड्या बटेवर स्प्रे मारा. थेंब मोत्यासारखे बसून राहिले तर केस पाणी घ्यायला नाखूश आहे, तिथे क्रीम जड पडणार. लगेच जिरले तर तिथे क्रीम लागणारच. बहुतेकदा माथा आणि मान यांचं उत्तर वेगळं येतं. तुमची सगळी अडचण त्यातच आहे.

आता धुणं. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी, आणि लाटांच्या भागात जरा जास्त वेळ, कारण सरळ केसावरून तेल लवकर खाली उतरतं. कंडिशनर उलट्या क्रमाने: आधी मान, मग बाजू, हाताला उरलेलं तेवढंच माथ्याच्या शेंड्यांना. रुंद दातांची फणी तेव्हाच फिरवायची, खालून वर. कोरड्या केसांत फणी घातली की वेटोळं सुटतं आणि जाळी होते.

बाथरूममधून बाहेर येण्याआधी, केसांतून पाणी टपकत असतानाच चार भाग करा: मान, डावी बाजू, उजवी बाजू, माथा. मानेला लीव्ह-इन क्रीम बोराएवढं, बाजूंना हरभऱ्याएवढं, माथ्याला शून्य. शून्य म्हणजे हाताला चिकटलेलंसुद्धा नाही, हात धुऊन घ्या. मग जेल: मानेला लिंबाच्या फोडीएवढं, बटा वेगळ्या करून बोटांनी खाली ओढत. माथ्याला तेवढंच किंवा थोडं जास्त, पण डोकं खाली वाकवून, शेंडे तळहातात धरून वर टाळूकडे दाबायचं. पाण्याचा पचपच आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर केस आधीच सुकलेत, स्प्रेने भिजवा. लाटांना जेलचा आधार लागतो आणि क्रीमचं वजन सोसत नाही. वेटोळ्यांचं याच्या उलट.

भांगाजवळ तीन-चार बटा अगदीच सपाट दिसल्या तर त्या ओल्या असताना बोटावर गुंडाळून मुळाशी छोटी क्लिप लावा. डोकंभर करायची गरज नाही, चेहऱ्यासमोरच्या तेवढ्या.

सुती टी-शर्टमध्ये १५ मिनिटं गुंडाळा, टॉवेलने घासू नका. नंतर पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. ओल्या केसात तात्पुरते बंध सुटलेले असतात आणि सुकताना केस ज्या आकारात असेल त्यातच पुन्हा जुळतात. मध्येच विस्कटलं की विस्कटलेलंच बसतं. सुकल्यावर जेलची कडक पापडी होईल. दोन थेंब तेल तळहाताला चोळून ती मुठीत दाबून मोडा. पापडी झालीच नाही तर जेल कमी पडलं असं समजा.

बोअरवेल_विरोधक

वरचं सगळं बरोबर, पण पाण्याचं बघितलं नाही तर अर्धी मेहनत वाया. आपल्या नागपुरात महापालिकेच्या नळाला पेंच आणि कन्हान नद्यांचं पाणी येतं, बोअरचं त्यापेक्षा बरंच जड असू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा २०० मिग्रॅ प्रति लिटरपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलेला आहे. ६००चं पाणी पोटाला चालेल, केसांना नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतं, केस खरखरीत होतो आणि वर लावलेलं काहीही नीट पसरत नाही.

घरी तपासा. दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी, एकीत आरओचं, अर्ध्या-अर्ध्या भरा. साध्या साबणाच्या वडीचा नखाएवढा कीस दोन्हीत टाकून वीस वेळा हलवा. आरओच्या बाटलीत फेस टिकेल. बोअरच्या बाटलीत फेस बसून पांढरट साका तरंगला तर पाणी जड आहे. तोच साका अंगाच्या साबणाने केस धुतल्यावर केसांवर बसतो, म्हणून केसांना साबण मुळीच नको. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो सगळे क्षार एकत्र मोजतो.

उपाय: तीन-चार आठवड्यांतून एकदा क्षार काढणारा शाम्पू. बाटलीवर टेट्रासोडियम ईडीटीए किंवा फायटिक अॅसिड यादीत वरच्या बाजूला हवं. अगदी शेवटी असेल तर ते फक्त शाम्पू टिकावा म्हणून घातलेलं असतं. केसांत ३ ते ५ मिनिटं राहू द्या, नंतर भरपूर कंडिशनर. आणि दर वेळी शेवटचं खंगाळणं दीड लिटर आरओच्या पाण्याने, मगने हळूहळू, मानेकडून. आरओच्या सांडपाण्याच्या नळीतलं वापरू नका, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात.

मनीषनगर_४४

ताटातला प्रयोग केला. पाच केस मुळापासून शेंड्यापर्यंत सारखे लाटेचे, एक शेंड्याला ताठ. म्हणजे मुळातलेच. बाटलीतही साका आला. अजून एक: जवसाचं जेल घरी करते, पण कधी इतकं घट्ट होतं की गाळताच येत नाही, आणि सुकल्यावर केसांत पांढरा भुसा दिसतो.

जवसवाली_इतवारी

गाळता येत नाही म्हणजे तुम्ही थंड होऊ देऊन राहिल्या न, किंवा जास्त उकळून राहिल्या. प्रमाण लिहून ठेवा: जवस ४ मोठे चमचे, अंदाजे ४० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर. अख्खेच घ्या, भाजलेले नाही, कुटलेले तर नाहीच. मध्यम आचेवर सारखं ढवळा, नाहीतर दाणे बुडाला लागतात. ७-८ मिनिटांनी पांढरा फेस येतो. तेव्हापासून डाव वर उचलून बघत राहा. आधी पाणी थेंब थेंब पडतं, मग थेंबाला शेपूट येतं. ते शेपूट अंड्याच्या पांढऱ्यासारखं लोंबलं, तुटता तुटेना, की त्याच क्षणी गॅस बंद. पातळ वाटेल, वाटू द्या, थंड झालं की दाटतं. गरम असतानाच जुन्या नायलॉनच्या मोज्यातून किंवा विरळ मलमलीतून गाळा, चिमट्याने धरून, हात भाजू नका.

फ्रीजमध्ये आठवडाभर, बस. आंबूस वास आला की फेका. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एका धुण्याला दोन-तीन खडे लागतात.

भुसा बहुतेक क्रीम आणि जेल यांचं जमत नाही म्हणून पडतो. तळहातावर दोन्ही थेंबभर घेऊन चोळा. एकजीव झालं तर ठीक. दही फाटल्यासारख्या गाठी आल्या तर ती जोडी केसांतही फाटणार, क्रीम बदला. गाठी नसतील तर जेल ओल्या केसांवर लावता का तेवढं बघा, अर्धवट सुकलेल्यावर लावलं तरी असंच होतं.

कात्री_फणी

उरलेलं थोडक्यात. मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की ग्लिसरीन यादीत वर असलेली क्रीमं केसांना नुसतं चिकटपण देतात. जुलैत तेच ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून केस फुगवतं. दोन्ही ऋतूंत ते यादीच्या खालच्या भागात असलेलं बरं. कूलरसमोर केस सुकवू नका. ताट्यांतून येणारी हवा ओली असते आणि झोतही जोराचा, त्यामुळे केस तासन् तास अर्धओले राहून विस्कटतात. साध्या पंख्याखाली किंवा ड्रायरला डिफ्यूझर (झोत पसरवणारं जाळीचं तोंड) लावून कमी गरमवर सुकवा, मानेचे आधी, तेच शेवटपर्यंत ओले राहतात.

स्कार्फ सुती असेल तर खाली साटीनचा तुकडा घ्या. केस पूर्ण सुकल्याशिवाय बांधू नका, माथा चपटा होण्याचं मोठं कारण तेच.

स्मूदनिंग नको म्हणता ते योग्यच. त्यात केसाचे कायमचे बंध बदलतात, मुळाशी मात्र तुमचंच वळण उगवतं. तीन महिन्यांत वर तीन-चार सेंमी वेटोळं आणि खाली सरळ, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथेच केस तुटतो.

कापताना कोरडेच कापायला सांगा. ओल्यात मान आणि माथा एका रेषेत कापले तर सुकल्यावर मानेचे बोट-दीड बोट जास्त आखडतात आणि कड वाकडी दिसते. पार्लरला जाल तेव्हा केस धुऊन, जेलची पापडी मोडून, मोकळे सोडून जा, म्हणजे कापणाऱ्याला प्रत्येक भाग किती आखडतो ते दिसेल. माथ्यावर थर थोडे जास्त, मानेला फक्त शेंडे.

मनीषनगर_४४

या रविवारी क्षार काढणारा शाम्पू, मग बोराएवढं-हरभऱ्याएवढं-शून्य. क्रीम आणि जेल तळहातावर चोळून बघितलं, गाठी आल्या. क्रीम बदलते.