मदत हवी आहे: थंडीने उठणारं पित्त आणि चिनी काढे

नमस्कार मंडळी. यांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं चीनमध्ये हार्बिनला आहोत. जानेवारीत इथे पारा उणे २० च्याही खाली जातो. बाहेर जाऊन आलं की यांच्या हातांवर, गालांवर पित्ताच्या गांधी उठतात. डॉक्टरांनी हातावर ५ मिनिटं बर्फ ठेवून पाहिला. काढल्यावर टम्म गांध आली. सेटिरिझीन (अ‍ॅलर्जीची गोळी) चालू आहे, पण एक गोळी चुकली की पुन्हा खाज. आमसुलाचं पाणी लावून झालं, काही उपयोग नाही.

शेजारच्या आजी चिनी वैद्यांकडे घेऊन गेल्या. त्यांनी जीभ आणि नाडी पाहून निदान केलं 'फंगहान', म्हणजे वारा आणि थंडी. (आपल्या आयुर्वेदातही शीतपित्ताचं कारण गार वाराच सांगितलंय, गंमत वाटली!) काढा दिलाय 'ग्वेइचि थांग': दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पांढऱ्या पिओनीचं मूळ, आलं, चिनी बोरं, ज्येष्ठमध. शिवाय बेंबीवर कपिंग करा (म्हणजे हवा काढलेला पेला त्वचेवर चिकटवून ठेवा) म्हणाले.

माझी धास्ती वेगळीच आहे. यांना बीपी आहे आणि ज्येष्ठमधाने बीपी वाढतं. काही काढ्यांत 'माहुआंग' (एफेड्रा नावाची वनस्पती) घालतात, ते तर बीपीवाल्यांना नकोच.

कुणी असा काढा सेटिरिझीनसोबत घेतलाय का? ज्येष्ठमध वगळून देतात का? किती आठवड्यांनी फरक पडला? गोळी बंद करणार नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको. ओठ सुजले किंवा दम लागला तर थेट इमर्जन्सीत जायचं, हे डॉक्टरांनी बजावलंय.