पाणथळ वाचवायची तर नुसतं पक्ष्यांवर बोलून भागेल का?

पाणकणीस : आमच्या शेजारच्या दलदलीत चर खोदून, पाणी काढून मोठी शेती करायचा प्रस्ताव आलाय. महिनाभरात हरकती द्यायच्यात. मी पक्ष्यांची यादी करून बसलेय, पण समोरच्यांचं एकच पालुपद : "एवढी काळीभोर माती, वाया का घालवायची?" यावर काय बोलू?

गाळपेर : यादी जोडाच, पण आधी मातीवर बोला. माझी अर्धी हयात माती तपासण्यात गेली. त्या काळ्या रंगाला मी आता भुलत नाही. ती माती म्हणजे अर्धवट कुजलेली पानंमुळं. पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून ती टिकलीय. पाणी काढलंत की उरलेलं कुजणं सुरू होतं आणि जमीन खचत जाते. इंग्लंडमधल्या होम फेन या पाणी काढलेल्या दलदलीत १८५० च्या सुमारास एक खांब पार जमिनीच्या पातळीपर्यंत पुरला होता. आज तो जवळपास ४ मीटर उघडा पडलाय. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली! मग पाणी आपणहून वाहून जात नाही, जन्मभर पंप चालवा. ते बिल कोण भरणार, एवढं सुनावणीत विचारा.

रानवाट : इंडोनेशियाचंही सांगा. १९९५ नंतर मध्य कालिमांतानमध्ये सुमारे १० लाख हेक्टर दलदल भातासाठी घेतली, हजारो किलोमीटर कालवे खोदले. भात जेमतेम, आणि १९९७ मध्ये ती सुकलेली जमीनच पेटली. पण दादा, ओसरत्या पाण्यामागे पेरणारे असतातच की. तुमचं नावच गाळपेर :)

गाळपेर : पकडलंत! पण गाळपेरीत पाणी आपणहून ओसरतं, आपण त्याच्या मागून जातो. पुढच्या पावसात जागा परत पाण्याची. चर खोदला की ते येणंच संपलं.

पाणकणीस : खाडीकडच्या बाजूला मात्र काळी नाही, राखाडी आहे. खणली की सडक्या अंड्यांचा वास.

गाळपेर : अहो, मग हे आधीच सांगायचं! त्यात लोह-गंधकाची संयुगं असणार. हवा लागली की त्यांचं आम्ल होतं, पीक उभंच राहत नाही. हातभर खालचा गोळा काढा, उघड्या ताटलीत पसरा, रोज थोडं पाणी शिंपडून ओलसर ठेवा. काही आठवड्यांत पेंढ्याच्या रंगाचे पिवळट ठिपके दिसले आणि सामू (pH, आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या खाली गेला, तर ती ताटलीच सुनावणीला घेऊन जा. आणि आजचा सामू तारखेसकट लिहून ठेवा, विसराल.