खेद, दिलगिरी की माफी?

प्रश्न: दोन देशांतल्या वादाच्या बातम्यांत 'खेद व्यक्त केला', 'दिलगिरी व्यक्त केली' आणि 'माफी मागितली' हे तिन्ही सर्रास एकाच अर्थाने छापले जातात. परराष्ट्र खात्याच्या निवेदनाचे भाषांतर करताना फरक पाळायचा का?

प्रतिसाद १: पाळायलाच हवा. फरक क्रियापदातच आहे. माफी कोणाची तरी मागावी लागते. ती द्यायची की नाही हे समोरचा ठरवतो, आणि मागणाऱ्याने चूक पदरात घेतलेली असते. खेद नुसता व्यक्त करता येतो. म्हणून सरकारे खेदापर्यंत येतात आणि माफीपाशी अडतात. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या भारतीय उपमहावाणिज्यदूतांना अटक झाली, तेव्हा दिल्लीत माफीची मागणी होत होती. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी भारताचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार शिवशंकर मेनन यांना फोन करून 'रिग्रेट' व्यक्त केला. तिथे 'अमेरिकेची माफी' असा मथळा देणे साफ चूक.

प्रतिसाद २: शब्दाइतकेच महत्त्व 'बद्दल'ला आहे. १ एप्रिल २००१ ला चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचे ईपी-३ टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची हवेत टक्कर झाली. चिनी वैमानिक वांग वेई बेपत्ता झाला. अमेरिकी विमान परवानगीविना हैनानवरच्या तळावर उतरले आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात गेले. चीनला हवी होती 'दाओछ्येन', म्हणजे सरळ माफी. अमेरिका आधी 'रिग्रेट'वर होती, मग 'सॉरी'वर आली. ११ एप्रिलला अमेरिकेचे चीनमधले राजदूत जोसेफ प्रुहर यांनी दिलेल्या पत्रात 'व्हेरी सॉरी' दोनदा आहे: एकदा वैमानिकाच्या कुटुंबाच्या आणि चिनी जनतेच्या हानीबद्दल, एकदा तोंडी परवानगी न मिळता हद्दीत शिरून विमान उतरवल्याबद्दल. टकरीबद्दल नाही! म्हणजे 'अपघाताबद्दल दिलगिरी' हे भाषांतरही चुकते.

चिनी माध्यमांनी त्या 'व्हेरी सॉरी'साठी 'शेन प्याव छ्येनयी' (मनापासून दिलगिरी व्यक्त करणे) वापरले. 'दाओछ्येन'मधला 'छ्येन' इथेही आहे, त्यामुळे चिनी वाचकाला माफीच ऐकू आली. वॉशिंग्टन मात्र आपण माफी मागितलेली नाही असे सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी ते २४ जण सुटले.

प्रश्नकर्ता: मग त्या दोन 'सॉरी'ंना मराठीत दोन शब्द घ्यावेत का? हानीसाठी 'दुःख', उतरण्यासाठी 'दिलगिरी'?

प्रतिसाद ३: अर्थ पाहिला तर तसेच वाटेल, पण तसे करू नये. दोन्ही राजधान्यांना आपापल्या लोकांना वेगळे सांगता यावे, म्हणूनच एक शब्द दोनदा घातलेला आहे. भाषांतरकाराने तो फोडला तर तडजोडच उघडी पडते. इथे दोन्हीकडे 'दिलगीर' चपखल बसतो. फारसीत दिलगीर म्हणजे खिन्न, उदास. त्यात चुकीची कबुली नाही. आजच्या मराठीत मात्र 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' या पाटीमुळे त्याला अर्ध्या माफीची छटा आली आहे. शोकही आणि संकोचही, दोन्ही एका शब्दात राहतात.

मथळ्यासाठीही तेच. 'दिलगिरी व्यक्त केली' हे 'माफी मागितली'पेक्षा लांब पडते, म्हणून उपसंपादक दुसरे घेतात. जागा कमीच असेल तर 'अमेरिका दिलगीर' लिहावे. ते 'अमेरिकेने माफी मागितली'पेक्षा लांब होत नाही.