झोप येणे, लागणे, होणे : नेमका फरक काय?

मी झोपेची तपासणी करणाऱ्या केंद्रात तंत्रज्ञ आहे, कायम रात्रपाळी. पेशंटच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, छातीला, पायांना वायरी लावायच्या आणि रात्रभर पडद्यावर मेंदूच्या लहरी, श्वास नि डोळ्यांची हालचाल बघत बसायचं. त्याआधी एक फॉर्म भरून घेतो. तो इंग्रजीवरून मराठीत केलेला आहे आणि पहिलाच प्रश्न आहे, "आपणांस निद्रानाशाचा विकार आहे काय?"

मागच्या आठवड्यात सत्तरीच्या एका आजोबांनी त्यापुढे "नाही" लिहिलं. मी फॉर्म बाजूला ठेवला.
"आजोबा, झोप लागते ना?"
"लागते की. पडल्या पडल्या लागते."
"मग इथं कशाला पाठवलं?"
"अगं, लागते, पण होत नाही."

दोन क्रियापदांत त्यांनी सगळी केस सांगितली. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. झोप येते, लागते, मोडते, उडते, होते. आपण हे शब्द सहज वापरतो, कधी चुकत नाही. पण फॉर्ममध्ये या सगळ्यांवर 'निद्रानाश' असा एकच शिक्का बसतो.

मला समजलेला फरक असा. झोप येणे म्हणजे अंगाची मागणी : जांभया, जड पापण्या. लागणे म्हणजे प्रत्यक्ष झोपेत शिरणे. होणे म्हणजे पुरेशी मिळून समाधान वाटणे. आणि 'झोपणे' यांच्यापेक्षा निराळंच. "मी साडेदहाला झोपलो, पण एक वाजेपर्यंत झोप लागली नाही" हे वाक्य मराठी माणसाला जराही खटकत नाही. आडवं होणं आपल्या हातात, म्हणून 'मी झोपलो'. झोप आपल्या हातात नाही, म्हणून ती 'मला' लागते. रोज रात्री खटपट करून झोप आणू पाहणारे पेशंट मी बघते. जितका जोर लावतात तितके टक्क जागे राहतात. आपल्या व्याकरणाला हे आधीपासून ठाऊक आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

अडलंय ते पुढे. दिवसाच्या झोपेसाठी जगभर एपवर्थ मोजपट्टी वापरतात. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी ती 1991 मध्ये मांडली. वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसल्यावर अशा 8 प्रसंगांत झोप लागण्याची शक्यता किती, याला 0 ते 3 गुण, एकूण 24. आमच्या भाषांतरात तिथे 'पेंग येते' लिहिलंय. मला ते चूक वाटतं. पेंग येते तेव्हा माणूस झोपेशी झगडत असतो, डुलकी लागते तेव्हा तो हरलेला असतो. मोजायची आहे ती डुलकी. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद

'डुलकी लागते' हेच बरोबर. आमच्याकडे याच्याही आधीची एक पायरी आहे, डोळ्यांवर झापड येणे. एसटीत जेवणानंतरच्या प्रवासात तिन्ही क्रमाने बघायला मिळतात : आधी झापड, मग पेंग, मग शेजाऱ्याच्या खांद्यावर डुलकी. आणि 'डोळा लागला' विसरू नका. "झोपलो नव्हतो, जरा डोळा लागला होता" असं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच.

प्रतिसाद (धागा सुरू करणारी)

अहो, ते खोटं बोलत नसतात! झोपेच्या पहिल्या, उथळ टप्प्यातून उठवलं तर कितीतरी माणसं मनापासून सांगतात की मी जागाच होतो. मी समोर लहरी मंदावलेल्या बघितलेल्या असतात, तरी वाद घालत नाही. 'डोळा लागणे' हा त्या टप्प्यासाठी अगदी नेमका शब्द आहे.

'साखरझोप'ही तशीच. पहिली गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पूर्वार्धात होऊन जाते. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं, आणि पहाटेकडे त्यातला रेम झोपेचा भाग वाढत जातो. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात ती ही झोप. शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 मध्ये तिची नोंद प्रसिद्ध केली. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं याच झोपेत जास्त पडतात आणि त्यातून जाग आली की ध्यानात राहतात. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपण म्हणतो. खरं होण्याचं माहीत नाही, पण लक्षात राहणारं स्वप्न बहुधा पहाटेचंच असतं.

प्रतिसाद

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून 'भूल'बद्दल लिहितो. ऑपरेशनच्या आधी पेशंटला "आता झोपेचं इंजेक्शन देतो" असं सांगायची पद्धत आहे. धीर देण्यापुरतं ठीक, पण भूल ही झोप नाही. झोपलेला माणूस हाक मारल्यावर उठतो. पूर्ण भूल दिलेल्याला हाक काय, चीरही कळत नाही. म्हणून क्रियापदंही वेगळी आहेत. भूल देतात, ती चढते, उतरते. नशेची आणि विषाचीही हीच क्रियापदं : बाहेरून आलेल्या द्रव्याचा अंमल. झोप कधी 'चढत' नाही.

16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला, त्यानंतर या अवस्थेला इंग्रजीत मिळालेल्या 'ॲनेस्थेशिया' या नावाचा मूळ ग्रीक अर्थ 'संवेदना नसणे'. मराठीने मात्र भुलण्याशी, वाट चुकण्याशी नातं सांगणारा शब्द घेतला. मधला काळ आठवत नाही हा भुलीचा मोठाच भाग आहे, त्यामुळे मला आपला शब्द जास्त आवडतो. फक्त दात काढताना हिरडीपुरती 'भूल' म्हणतात ते पटत नाही. तिथे भान शाबूत असतं. 'बधिर करणे' म्हणावं.

प्रतिसाद

'होणे'बद्दल एक भर. पतंजलींनी योगसूत्रांत निद्रेला चित्ताची एक वृत्ती मानलंय. त्यावरच्या व्यासभाष्यात कारण दिलंय : उठल्यावर माणूस "मी सुखाने झोपलो" असं सांगतो. काही अनुभवच नसता तर आठवण कशाची झाली असती? "झोप झाली" म्हणताना आपणही हीच साक्ष देतो. आजोबांना ती देता येत नव्हती.

प्रतिसाद

मध्येच विचारते. पहाटे जाग येते, खोली दिसते, पण हात हलत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. आजी म्हणायची, "दडपलं तुला." इंटरनेटवर 'निद्रा पक्षाघात' वाचून रात्रभर रडले.

प्रतिसाद (धागा सुरू करणारी)

रडू नका. रेम झोपेत मेंदू अंगाचे बहुतेक स्नायू सैल सोडून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावतो तेव्हा पलंगावरून पडत नाही. कधी जाग आधी येते आणि हा सैलपणा काही क्षण किंवा एखाद-दोन मिनिटं मागे रेंगाळतो. लकव्याशी याचा काही संबंध नाही. म्हणूनच 'पक्षाघात' हा शब्द मला इथे नको वाटतो. मी पेशंटला सांगते, "जाग आली, अंग अजून जागं व्हायचंय." आजीचं 'दडपणं' अनुभवाला जास्त जवळचं आहे. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

प्रतिसाद

आजोबांचं पुढे काय झालं? आणि यादीत 'चाळवणे' कसं नाही? बाळाची झोप चाळवते तेव्हा ते कुस बदलतं, कुरकुरतं, पण उठत नाही.

प्रतिसाद (धागा सुरू करणारी)

हा शब्द मला सुचायला हवा होता! आजोबा घोरत होते. मग घोरणं एकदम थांबायचं, श्वास बंद. 10 सेकंद बंद राहिला की आम्ही नोंद करतो. मग मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास, पडद्यावर लहरींची तीन-चार सेकंदांची धांदल, आणि परत घोरणं. रात्रभर हेच. सकाळी म्हणाले, "एकदाही उठलो नाही." खरंच नव्हते उठले. त्या धांदलीला आम्ही 'अराउझल' म्हणतो आणि मराठीत सांगताना 'अर्धवट जाग' असं काहीतरी म्हणत आलो. आता रिपोर्ट समजावताना सांगेन, "आजोबा, तुमची झोप मोडत नाही, चाळवते. म्हणून होत नाही."