मदत हवी आहे: माफी मागताना 'पण' तोंडात येतं

जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, मी १२ वर्षं आहे, गेल्या महिन्यात प्रॅक्टिसला एका नवीन मुलाने सगळ्यांसमोर माझा सूर चुकतोय म्हणून सांगितलं आणि मी त्याच्यावर खूप ओरडलो. सूर खरंच चुकत होता. म्हणजे राग वरवरचा, खाली गर्वच आहे हे मला कळतंय.

प्रार्थना करतोय, बायबलमधलं याकोब १:१९ (ऐकायला तत्पर, बोलायला आणि रागाला सावकाश असावं) पाठ केलंय, पाळकसाहेबांशी बोललो, एकदा त्याच्या घरीही जाऊन आलो पण सॉरी म्हणता म्हणता "पण तू एकट्यात सांगायला हवं होतंस" असं निघालंच आणि तो आणखी दुखावला. आता प्रॅक्टिसला येत नाही. क्वायर सोडायचा सल्ला नको, ते पळून जाणं होईल.

येत्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) आहे आणि मत्तय ५:२३-२४ डोक्यातून जात नाही, आधी भावाशी समेट मग अर्पण. मी त्याचा अपमान सगळ्यांसमोर केला तर माफीही सगळ्या क्वायरसमोर मागावी, की आधी परत त्याच्या एकट्याकडे जावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी नेमकं काय बोललात ते सांगाल का?