व्याजदर वाढवून छोट्या देशातली महागाई खरंच उतरते का?

कोरीपाटी:
मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवला की कर्ज महागतं, लोक हात आखडतात, मागणी घटते आणि भाव उतरतात, हे वाचलंय. पण ज्या छोट्या देशात तेल, गहू, औषधं सगळं बाहेरून येतं आणि कितीतरी लोक बँकेची पायरीच चढत नाहीत तिथे हे कसं चालणार? कोणी नीट समजावेल का, खरंच डोक्यात बसत नाहीये.

उंबरठा:
शंका रास्त आहे. तिथे उधारी सावकाराकडून नाहीतर नात्यागोत्यातून, त्याला रेपो रेटशी, म्हणजे मध्यवर्ती बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी, काय देणंघेणं. खरा रस्ता डॉलरचा: दर वाढला की पैसा डॉलरकडे न पळता देशाच्या चलनात थांबतो, चलन घसरायचं थांबतं आणि आयात माल आणखी महागत नाही. श्रीलंकेचं बघा, मार्च २०२२ पर्यंत डॉलर २०० श्रीलंकन रुपयांच्या आसपास धरून ठेवला, डॉलरची गंगाजळी आटली, मग सोडावा लागला आणि मे पर्यंत ३६० च्या घरात गेला. म्हणजे जहाजातला माल तोच, डॉलरमधली किंमत तीच, पण आयातदाराला पावणेदोनपट रुपये मोजायचे, आणि ते शेवटी गिऱ्हाइकाकडूनच वसूल होणार ना. एप्रिलमध्ये त्यांनी व्याजदर एका दमात ७.५ वरून १४.५ टक्क्यांवर नेला तो मुख्यतः रुपया सावरायला.

साधाहिशोब:
उंबरठाशी सहमत, पण सगळं श्रेय व्याजदराला नको. सरकारची तूट भरायला मध्यवर्ती बँक नोटा छापत असेल तर दर कितीही वाढवा, एका हाताने पाणी उपसायचं आणि दुसऱ्याने ओतायचं. म्हणून तर श्रीलंकेत २०२३ च्या कायद्याने मध्यवर्ती बँकेने सरकारला असं थेट कर्ज देणं बंद केलं, मला तरी हीच मोठी गोष्ट वाटते. आणि कोलंबोची महागाई सप्टेंबर २०२२ मध्ये ६९.८ टक्के होती ती वर्षाने १.३ झाली, याचा अर्थ भाव उतरले असा नाही हं. १०० ची वस्तू १७० ला गेली आणि पुढच्या वर्षी १७२ ला, एवढंच. ज्याचा पगार तेवढाच राहिला त्याचे हाल संपलेले नाहीत, आकडे वाचताना हे विसरू नका प्लीज.

कोरीपाटी:
आत्ता लक्षात आलं! मग चलन सरळ दुसऱ्या देशाच्या चलनाला बांधून टाकलं तर?

उंबरठा:
नेपाळने तेच केलंय, १९९३ पासून १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी. स्थैर्य मिळतं, पण भारतात भाव चढले की तिथेही चढतात, आणि व्याजदर भारतापेक्षा फार खाली ठेवायची सोय नाही, पैसा सीमेपलीकडे जायला लागतो.